मिरगाआधी पंप झाकताना

कोकणातल्या आमच्या आंब्याच्या बागेत पेट्रोलवर चालणारी दोन इंजिनं आहेत. ती दोन्ही एकाच वेळी कामावर आहेत असं जवळजवळ कधी होत नाही. पालवी जून झाली, मोहोराची चाहूल लागली की फवारणीचा पंप बाहेर निघतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. पावसाचा जोर ओसरला की ग्रासकटर हातात येतो आणि बेणणी, म्हणजे बागेतलं गवत कापणं, आटोपली की परत खुंटीला लागतो. वर्षाचा हिशेब मांडला तर दोघांच्याही वाट्याला कामापेक्षा पडून राहणंच जास्त. म्हणून यंत्र चालवण्याइतकंच ते ठेवण्याचं काम मला महत्त्वाचं वाटतं. पंप चालवायला गडी आहेत, पण ठेवायचं काम मी स्वतः करते.

तालुक्याच्या गावी आमची यंत्रं ज्या मेस्त्रींकडे जातात, ते एकदा म्हणाले होते, “वहिनी, चालून चालून झिजलेलं इंजिन माझ्याकडे वर्षात एखादं येतं. बाकी सगळी ठेवून बिघडलेली.” बोलता बोलता त्यांनी समोर उघडून ठेवलेला कुणाचा तरी कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल हवेत मिसळून इंजिनाला देणारा भाग, माझ्या हातात दिला. खालच्या वाटीच्या तळाशी काकवीसारखा तांबूस, चिकट थर बसला होता. कडेनं पांढरी भुकटी होती. पितळी जेट उजेडासमोर धरला तर आरपार काहीच दिसेना. त्या जेटचं भोक मिलिमीटरपेक्षाही बारीक असतं आणि भारावर चालणाऱ्या इंजिनाला लागणारं पेट्रोल त्यातूनच जातं. भोक अर्धं बुजलं तर इंजिन चोक ओढल्याशिवाय चालत नाही, किंवा चालू होतं आणि भार आला की गचके देतं. पूर्ण बुजलं तर दोरी ओढून खांदा भरून येतो, इंजिन मात्र उठत नाही.

तो चिकट थर पेट्रोलचाच. पेट्रोल हा एकच पदार्थ नाही, बऱ्याच द्रव्यांचं ते मिश्रण आहे. त्यातली हलकी द्रव्यं आधी उडून जातात. इंजिन थंड असताना पेट घ्यायला नेमकी तीच लागतात. मागे उरतं ते हवेतल्या प्राणवायूनं हळूहळू घट्ट होतं, आधी तेलकट, मग डिंकासारखं. टाकीत तीन लिटर असेल तर हे व्हायला वेळ लागतो. कार्बोरेटरच्या वाटीत मोजून काही चमचे पेट्रोल असतं, तिथे फार लवकर होतं. पांढरी भुकटी वेगळी. तो पाण्यानं खाल्लेला धातू.

आणि पाणी आलं की इथेनॉलचं बोलावंच लागतं. २०२३च्या फेब्रुवारीत देशात ई-२० पेट्रोल विक्रीला आलं आणि २०२५ पर्यंत आमच्या बाजूच्या पंपांवरही तेच मिळू लागलं. म्हणजे एका लिटरमागे सुमारे २०० मिलिलिटर इथेनॉल. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं आणि स्वतःत मुरवून ठेवतं. टाकीच्या झाकणाला हवा आत यायला बारीक वाट असते, नाहीतर पेट्रोल खाली उतरणारच नाही. त्याच वाटेनं कोकणातली पावसाळी हवा आत जाते. पुरेसं पाणी साठलं की इथेनॉल ते पाणी घेऊन पेट्रोलपासून सुटं होतं आणि तळाला बसतं. इंजिनाकडे जाणारी नळी तळालाच. आमच्याकडे वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. पंप नेमका तेव्हाच झाकलेला असतो.

माझे सासरे पावसाळ्याआधी पंपाची टाकी काठोकाठ भरून ठेवायचे. टाकीत हवेला जागाच उरली नाही तर पत्र्याला गंज कुठून येणार, असा त्यांचा विचार, आणि त्या काळच्या पेट्रोलला तो बरोबर होता. ते इंजिन पेट्रोलवर चालू करून पुढे रॉकेलवर चालवायचं. बंद करण्याआधी ते न चुकता परत पेट्रोलवर आणायचे, म्हणजे कार्बोरेटरात रॉकेल राहत नसे आणि पुढच्या वेळी इंजिन पहिल्या-दुसऱ्या ओढीला उठायचं. कार्बोरेटरात काय सोडून आपण घरी जातो याचा विचार त्यांच्यामुळे माझ्या डोक्यात पक्का बसला. आजच्या पेट्रोलला मात्र भरलेली टाकी नको. आता टाकी रिकामी हवी, आणि रिकामी ठेवायची तर गंजाची व्यवस्था वेगळी करायला हवी.

ही कामं कधी करायची हे मी ठरवून टाकलं आहे: हंगामातली शेवटची फवारणी झाली त्याच संध्याकाळी सुरुवात. कारण साधं आहे. शेवटच्या फवारणीनंतर औषधाचे दिवस जाऊ द्यायचे आणि मग काढणी. झेले, घळी, पेट्या, गवत, अढी, गाडीची वेळ. त्या धांदलीत मांगरातल्या, म्हणजे बागेतल्या खोपीतल्या, पंपाकडे बघायला कुणाला फुरसत नसते. आंबा संपतो आणि मिरग दाराशी येतो. तोपर्यंत नेपाळी गडीही गावी जायला निघालेले असतात. तेव्हा पंप आठवला तर वाटीतलं पेट्रोल आटून गेलेलं असतं.

आमचं इंजिन होंडाचं जीएक्स १६०, १६३ सीसीचं. शेवटच्या दिवशी औषध संपलं की औषधाच्या टाकीत स्वच्छ पाणी भरून पंप चालवतो. पाइप, गन, पंपाची डोकी सगळं धुऊन निघतं. हे पाणी बागेतच फवारलं जातं, विहिरीकडे किंवा पऱ्याकडे, म्हणजे ओढ्याकडे, जाऊ देत नाही. त्यानंतर पंपावरचा दाब सोडते आणि पेट्रोलचा कॉक बंद करते. इंजिन आपल्या आपण थांबेपर्यंत चालू ठेवायचं. दोन-चार मिनिटं एका लयीत चालतं, मग आवाज चढतो-उतरतो आणि बंद पडतं. बरेच जण इथेच थांबतात. पण बंद पडलं म्हणजे वाटी कोरडी झाली असं नव्हे. जेट वाटीच्या तळापासून जरासा वर असतो. पेट्रोलची पातळी त्याच्या खाली गेली की इंजिनाला मिळायचं थांबतं आणि तळाचं पेट्रोल तिथेच राहतं. मेस्त्रींनी दाखवलेला थर याच उरलेल्या पेट्रोलचा. त्याचं काय करायचं ते दुसऱ्या दिवशी, कारण आता इंजिन तापलेलं आहे आणि तापलेल्या सायलेन्सरशेजारी पेट्रोल सांडायचं नाही.

तापलेलं असतानाच करायचं काम म्हणजे ऑइल काढणं. गरम ऑइल पातळ असतं आणि तळाचा गाळ घेऊन बाहेर येतं. पंप एका बाजूला कलता ठेवून खाली पसरट भांडं सरकवते आणि खालचा नट सोडते. हंगामभर वापरलेल्या ऑइलमध्ये जळणातून आलेली ओल आणि आम्लं असतात. ते तसंच ठेवलं तर पाच-सहा महिने आतले भाग त्यात भिजत राहतात. म्हणून ऑइल बदलायचं ते ठेवण्याआधी, बाहेर काढल्यावर नाही. मला यात तडजोड नको वाटते. ऑइल जेमतेम अर्ध्या लिटरहून थोडं जास्त लागतं, एका फवारणीच्या औषधाच्या मानानं तो खर्च काहीच नाही. आम्ही १०डब्ल्यू-३० वापरतो. इंजिन सपाट जागी ठेवून भरणीच्या तोंडाच्या काठाला येईपर्यंत भरायचं. जुनं ऑइल डब्यात साठवून गॅरेजला देते. कलमाच्या बुंध्याशी किंवा गडग्यापलीकडे कधीच ओतायचं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना, पंप अंगणात उघड्यावर आणतो. चूल, विडी, काडेपेटी जवळपास नको. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरते आणि लांबच्या विस्तवापर्यंत पोचू शकते. गड्यांना हे मी दर वेळी सांगते. त्यांना पाठ झालं आहे तरी सांगते. टाकीतलं बरंचसं पेट्रोल नळीनं डब्यात काढते. मग कार्बोरेटरखाली बशी धरून वाटीचा खालचा स्क्रू सैल करते आणि कॉक उघडते. टाकीचा तळ, नळी, वाटी असं सगळं त्या वाटेनं रिकामं होतं. कचरा बसायची छोटी वाटी असते, तीही सोडवून पुसते. निघालेलं पेट्रोल ताजं असतं, ते त्याच दिवशी गाळून स्कूटरमध्ये जातं. पुढच्या हंगामासाठी डब्यात पेट्रोल राखून ठेवायची पद्धत आमच्याकडे नाही.

थंड मुलखात, जिथे हिवाळाभर यंत्रं बंद असतात, तिथे पेट्रोल टिकवायचं औषध टाकीत घालतात. ऑनलाइन मागवलं तर आपल्याकडेही मिळतं. त्यानं पेट्रोल शिळं व्हायला उशीर लागतो हे खरं, पण एकदा शिरलेलं पाणी ते बाहेर काढत नाही. आमच्या हवेत रिकामी टाकीच बरी.

रिकाम्या टाकीला गंजापासून वाचवण्यासाठी तिच्यात थोडं टू-टी ऑइल, म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनाच्या पेट्रोलमध्ये मिसळतात ते, ओतते आणि सगळ्या भिंतींना लागेल अशी टाकी हलवते. त्यासाठी टाकीचे बोल्ट काढावे लागतात, पण ते काम अवघड नाही. उरलेलं ऑइल ओतून घ्यायचं. आत नुसतं तुकतुकीत दिसलं पाहिजे.

मग सिलिंडरमध्ये ठिणगी पाडणारा प्लग. तो काढते, त्याची टोपी बाजूला सरकवून ठेवते, आणि प्लगच्या भोकातून सिलिंडरमध्ये नवं ऑइल घालते, ५ ते १० मिलिलिटर. औषध घ्यायच्या प्लास्टिकच्या मापानं नीट मोजता येतं. भोकावर फडकं धरून स्टार्टरची दोरी सावकाश काही वेळा ओढायची. सिलिंडरच्या भिंतीला आणि रिंगांना ऑइल लागतं, खालचं नवं ऑइलही आत फिरतं. जोरात ओढलं तर ऑइल फडक्यातून तोंडावर उडतं, म्हणून सावकाश. प्लग ब्रशनं साफ करून, फट ०.७ ते ०.८ मिलिमीटर आहे ना ते बघून परत बसवते.

यानंतरचं काम क्षणाचं आहे आणि माझ्या मते पावसाळी ठेवणीत सगळ्यात मोलाचं आहे. प्लग बसवल्यावर दोरी हळूच ओढत जायचं आणि हाताला अडथळा लागला की तिथेच थांबायचं. दोरी अलगद परत जाऊ द्यायची. अडथळा लागतो तेव्हा पिस्टन वर चढत असतो आणि दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात. म्हणजे एअर फिल्टरकडून किंवा सायलेन्सरमधून सिलिंडरमध्ये ओल शिरायला वाट नाही. याला पैसा लागत नाही, हत्यार लागत नाही. तरी शेजारच्या वाडीत कुणाला विचारा, पंप मिळेल त्या जागी थांबलेला असतो.

बाहेरच्या अंगाला मी फार वेळ देत नाही, पण एक गोष्ट सोडत नाही: औषधाचे डाग. मोहोरावरच्या भुरी रोगासाठी गंधक मारलेलं असतं, ताम्रयुक्त बुरशीनाशकही कधी मारलेलं असतं. ताम्राचे क्षार ओल लागली की लोखंड आणि ॲल्युमिनियम खातात. ओल्या फडक्यानं पुसून, सुकवून, मग डिझेलचं फडकं फिरवते. सिलिंडरच्या पंख्यांमधली धूळ काडीनं काढते. एअर फिल्टरचा स्पंज साबणाच्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवते. तो चुरू लागला असेल तर तेव्हाच नवा आणून ठेवते.

ठेवायचं कुठे, हा प्रश्न आमच्या घरात बराच चर्चेचा झाला होता. पावसाळ्यात कोरडी जागा म्हटली की चुलीवरचा माळा सगळ्यांना आठवतो. बियाणं तिथे, सुकवलेली आमसुलं तिथे. पण टाकी कितीही रिकामी केली तरी पेट्रोलचा वास काही दिवस राहतो आणि वास आहे तोवर वाफ आहे. विस्तवाच्या डोक्यावर इंजिन ठेवायला मी तयार झाले नाही. मांगर चिऱ्याचा आहे. पावसात त्या भिंती ओल धरतात, आणि तिथेच खताच्या गोणी असतात. खताचे कण हवेतली ओल ओढतात आणि धातूवर बसले की तिथून गंज सुरू होतो. शेवटी पंप घराच्या मागल्या पडवीत आला. तिथे वारा खेळतो आणि पागोळ्यांचं पाणी पोचत नाही. खाली कोब्यावर न ठेवता फळ्यांवर ठेवतो. वर प्लास्टिकचा कागद गुंडाळायचा मोह होतो, पण त्याच्या आत दव साठतं. गोणपाट ओल शोषून बसतं. जुनी सुती चादर घातलेली चांगली.

सायलेन्सरच्या तोंडात मात्र फडक्याचा बोळा हवाच. आमच्याकडे कुंभारीण माशी कुठलंही भोक दिसलं की मातीनं लिंपून घर करते. उंदराला एअर फिल्टरचा डबा आवडतो. बोळ्याचं टोक हातभर बाहेर लोंबतं ठेवते, रंगीत कापडाचं, म्हणजे इंजिन चालू करताना ते विसरलं जाणार नाही. हँडलला एक चिठ्ठी बांधते: ऑइल बदललं ती तारीख, टाकी रिकामी, पुढच्या वेळी काय आणायचं.

पावसाळ्यात मध्येच इंजिन चालू करावं का? काही जण दर पंधरवड्याला दोन मिनिटं चालवतात. मला ते पटत नाही. दोन मिनिटांत इंजिन नीट तापत नाही. जळणातून तयार होणारं पाणी उडून जायच्या ऐवजी ऑइलमध्ये आणि सायलेन्सरमध्ये राहतं, आणि सिलिंडरला लावलेलं ऑइल जळून जातं तेही वेगळंच. चालवायचं तर भार देऊन चांगलं अर्धा तास चालवावं, नाहीतर झोपू द्यावं. मी श्रावणात चादर उचलून उंदीर-माशी बघते आणि परत झाकते.

बाहेर काढणं सोपं आहे, आधीचं सगळं नीट झालं असेल तर. बोळा काढायचा, ऑइलची पातळी बघायची. पेट्रोलची रबरी नळी बोटांनी दाबून बघायची. चिकट लागली किंवा चिरा दिसल्या तर बदलायची. जुन्या नळ्यांना इथेनॉल सोसत नाही. टाकी थोड्या पेट्रोलनं विसळून ते पेट्रोल खालच्या स्क्रूनं काढून टाकायचं, मग ताजं भरायचं. प्लग काढून, भोकावर फडकं धरून दोरी काही वेळा ओढली की साठलेलं ऑइल बाहेर येतं. प्लग पुसून बसवायचा आणि चालू करायचं. सुरुवातीला निळसर पांढरा धूर निघतो, नवा गडी असेल तर घाबरतो. ते सिलिंडरमधलं ऑइल जळत असतं, काही मिनिटांत धूर थांबतो.

हंगामात दोन फवारण्यांमध्ये साधारण दोन आठवडे जातात. तेवढ्यासाठी हा सगळा खटाटोप करत नाही. कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडू देते, झाकण घट्ट, पंप सावलीत. पण मोहोर लांबला किंवा मध्येच अवकाळी पाऊस येऊन वेळापत्रक विस्कटलं आणि महिनाभर फवारणी नसेल असं दिसलं, तर वाटीही रिकामी करते.

ग्रासकटरची गोष्ट वेगळी आहे, कारण तो थंडीत आणि उन्हाळ्यात पडून असतो. त्याला गंजाचं भय कमी, सुकण्याचं जास्त. आमचा टू-स्ट्रोक आहे, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणारा. त्यात वाटीच नसते, पातळ पडद्यांचा कार्बोरेटर असतो. पेट्रोल उडून गेलं की मागे ऑइल उरतं आणि पडदे एकमेकांना चिकटतात. टाकी ओतून रिकामी करते, प्रायमरचा बल्ब, म्हणजे पेट्रोल ओढणारा रबरी फुगा, दाबून नळीतलं उरलेलं टाकीत परत आणून तेही ओतते, मग इंजिन चालू करून बंद पडेपर्यंत चालवते. मिश्रण उरू नये म्हणून बेणणीच्या शेवटच्या दिवसांत दर वेळी अर्धा लिटरच बनवते. प्लगच्या भोकातून थोडं टू-टी ऑइल इथेही जातं. डोक्याच्या गिअरमध्ये ग्रीस, पात्याला ऑइल, आणि यंत्र पत्र्यापासून लांब टांगायचं. एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली जी धग असते तिनं प्रायमरचा बल्ब कडक होऊन तडकतो. हा बल्ब आणि टाकीतला फिल्टर सुटा मिळतो आणि स्वस्त असतो. मी दोन्ही जुलैमध्येच आणून ठेवते. ऑगस्टमध्ये सगळ्या बागायतदारांना ते एकदमच हवे असतात आणि दुकानात संपलेले असतात.